बुटका टॅरंटुला खानदेशात पाळताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्याकडे सध्या तीन बुटके टॅरंटुला, म्हणजे लहान केसाळ कोळी, आहेत. तिन्ही मिळून शेवेच्या एका बरणीत आरामात मावतील, फक्त तसं ठेवलं तर संध्याकाळपर्यंत एकच उरेल. लोक घरी येतात, डबीत डोकावतात, माती बघतात आणि विचारतात, "कुठे आहे?" तो प्रश्न धरून बाकीचे सगळे इथे एकत्र केले आहेत. परदेशी लोकांनी या कोळ्यावर भरपूर लिहिलंय, पण त्यांच्या लिहिण्यात मे महिना नाही, कपाशीची फवारणी नाही आणि डासांची अगरबत्तीही नाही. आपल्याकडे कोळी मरतो तो बहुतेक या तिघांपैकी एकामुळेच.

बुटका टॅरंटुला म्हणजे मोठ्या टॅरंटुलाचं पिल्लू का?

नाही. पूर्ण वाढ होऊनही लहानच राहणाऱ्या जातींना शौकीन लोक हे नाव देतात. शास्त्रात 'बुटका' असा वेगळा गट नाही. टॅरंटुलाच्या कुळात हजारावर जाती आहेत. एका टोकाला दक्षिण अमेरिकेतला गोलायथ, पाय पसरले तर जेवणाच्या ताटाएवढा. दुसऱ्या टोकाला आपले हे बुटके.

सगळ्यात नावाजलेला म्हणजे सायरिओकॉस्मस एलिगन्स. मूळचा त्रिनिदाद, टोबॅगो आणि व्हेनेझुएलाचा. पूर्ण वाढलेली मादी पाय पसरून साधारण चार-पाच सेंटिमीटरच भरते. काळ्या पोटावर दोन्ही बाजूंना नारिंगी पट्टे आणि पाठीवर पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराचा नारिंगी ठिपका. ब्राझीलचा डोलिकोथेले डायमँटिनेन्सिस निळसर पायांचा असतो आणि डबीभर जाळं विणतो. कोलंबियातला हॅपालोपस, ज्याच्या पोटावर भोपळ्याच्या रंगाचे डाग असतात, तोही याच यादीत धरतात, पण त्याचा मोठा प्रकार बुटका म्हणावा इतका बुटका नसतो. टांझानियाचा हेटेरोथेले विलोसेला तपकिरी आणि साधा, पण काटक.

पहिल्यांदा पाळणाऱ्यानं घ्यावा का?

घ्यावा, पण आधी स्वतःला विचारा की तुम्हाला बघायला काय हवंय. सायरिओकॉस्मस बीळ करून राहतो. महिन्यातले वीस दिवस तुम्ही मातीच पाळताय असं वाटेल. रात्री अकरानंतर लाल कागद लावलेली बॅटरी मारली तर बिळाच्या तोंडाशी पायांची चार टोकं दिसतील, बस. ज्यांना रोज काहीतरी बघायचंय त्यांनी जाळं विणणारा डोलिकोथेले घ्यावा. ज्यांना हातावर घेऊन फोटो काढायचाय त्यांनी ससा पाळावा.

दुसरी अडचण पिल्लाच्या आकाराची. सायरिओकॉस्मसचं पिल्लू ज्वारीच्या दाण्याहून लहान असतं. माझं पहिलं आलं तेव्हा मी नळीतला ओला टिश्यू उलगडला, काहीच दिसलं नाही म्हणून फेकायला निघालो होतो. आजीनं चष्मा लावून बघितलं आणि म्हणाली, "थांब रे, तीळ चालतोय." तेव्हापासून पाकीट उघडणं, माती बदलणं, असली सगळी कामं मी पोळ्यांच्या मोठ्या परातीत करतो. पिल्लू उडालं तरी परातीतच पडतं. शक्य असेल तर दोन-तीन वेळा कात टाकलेलं पिल्लू मागा. चार पैसे जास्त जातील, पण जगण्याची खात्री वाढते.

हे कायदेशीर आहे का?

या प्रश्नाला घाईघाईत "हो" म्हणणाऱ्या विक्रेत्यापासून जरा लांब राहा. दोन गोष्टी वेगळ्या आहेत. एक, जात. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर त्यात चौथी अनुसूची आली आणि आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या, म्हणजे साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतल्या जाती तिच्यात आल्या. अशी जात घरात असेल तर केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. मेक्सिकोचे लाल गुडघ्यांचे ब्रॅकिपेल्मा या यादीत आहेत, आपल्याकडचे झाडावर राहणारे पोसिलोथेरिया २०१९ पासून आहेत. ही यादी दर काही वर्षांनी बदलते, म्हणून घेण्याआधी आपल्या जातीचं शास्त्रीय नाव त्यात स्वतः तपासा.

दुसरी गोष्ट, तो प्राणी देशात कसा आला. परवाना आणि आरोग्याची कागदपत्रं नसताना जिवंत प्राणी मागवता येत नाही. २०२१ च्या जुलैत चेन्नईला सीमाशुल्क विभागानं पोलंडहून आलेल्या एका टपाल पार्सलमधून नळ्यांमध्ये भरलेले १०७ जिवंत कोळी पकडले होते. कागदपत्रं नव्हती म्हणून ते परत पाठवायला लावले. तेव्हा देशातच पैदास झालेलं पिल्लू घ्या, पावती घ्या, पावतीवर शास्त्रीय नाव लिहून घ्या. "ब्लू टायगर मिनी" असल्या नावावर पैसे देऊ नका.

सातपुड्यातून किंवा शेतातून पकडून आणला तर?

आणू नका. यावल आणि अनेर धरण ही अभयारण्यं आहेत, तिथून काडीसुद्धा उचलायची नसते. तोरणमाळला सहलीला गेलात आणि दगडाखाली केसाळ कोळी दिसला तर फोटो काढा आणि दगड होता तसा अलगद परत ठेवा. तो कोळी त्या एका दगडाखालच्या ओलाव्यावरच जगत असतो. आपल्याकडच्या काही जाती, विशेषतः पोसिलोथेरिया, चावल्या तर कित्येक दिवस स्नायूंत गोळे येतात. तो नवशिक्याचा प्राणी नाही.

हा चावतो का? विषारी आहे का?

विष सगळ्याच टॅरंटुलांना असतं, पण अमेरिकेतल्या या बुटक्यांचा दंश माणसाला मधमाशीच्या डंखाच्या आसपासचा समजतात. ॲलर्जीचा त्रास असणाऱ्यांनी मात्र कुठलाच डंख हलक्यात घेऊ नये. सायरिओकॉस्मससारख्यांच्या पोटावर बारीक खाजरे केस असतात. त्रास दिला की तो मागच्या पायांनी ते झाडतो. कातडीला गेले तर खाज येते, डोळ्यात गेले तर दवाखाना गाठावा लागतो. म्हणून डबीत तोंड घालून बघायचं नाही आणि काम झालं की डोळ्याला हात लावण्याआधी साबणानं धुवायचे.

आमच्या गल्लीतले जिभाऊ पहिल्यांदा आले तेव्हा दारातूनच म्हणाले, "हाई काय शे रे भो? इच्चू पाळ ना त्यापेक्षा!" मी त्यांना म्हटलं, जिभाऊ, इच्चू तुमच्या सरपणात आधीच आहे. गमतीचा भाग सोडला तर महाराष्ट्रात जीव घेणारा प्राणी हा कोळी नाही, लाल विंचू आहे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध वापरून दाखवलं आणि मरणारी माणसं वाचायला लागली. आमच्या घरात तर अजून अंधारात चप्पल झटकल्याशिवाय कोणी पाय घालत नाही. डबीतल्या कोळ्यासाठी असलं काही करावं लागलेलं नाही.

हातावर घेता येतो का?

नाही. तो चिडतो हे कारण दुय्यम आहे. टॅरंटुलाचं पोट पाणी भरलेल्या फुग्यासारखं असतं. टेबलाच्या उंचीवरून फरशीवर पडला तरी फुटू शकतं. आणि बुटके भलतेच चपळ असतात. हातावर आहे असं वाटेपर्यंत तो शर्टाच्या बाहीत गेलेला असतो.

राहायला काय लागतं?

फारसं काही नाही, या प्राण्याचं सगळ्यात मोठं सुख तेच. पिल्लाला झाकणाची छोटी पारदर्शक डबी पुरते. मोठ्याला साधारण १५ सेंटिमीटर लांबी-रुंदीचा प्लास्टिकचा डबा. तापवलेल्या सुईनं झाकणाला आणि बाजूंना भोकं पाडा. कोळ्याचं डोकं जिथून जाईल तिथून तो अख्खा जातो, म्हणून भोक त्याच्या डोक्याहून बारीक हवं. पिल्लाच्या डबीला दाभण वापरायचं नाही, शिवणाची सुई घ्यायची.

आत नर्सरीत मिळणारं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. विटेसारखा ठोकळा भिजवून घट्ट पिळायचा, मूठ दाबली तर थेंब पडता कामा नये. बिळात राहणाऱ्या मोठ्या कोळ्याला ८ ते १० सेंटिमीटर थर द्या आणि दाबून बसवा, नाहीतर बीळ ढासळतं. शेतातली काळी माती घालू नका. ती ओली असताना चिकटते आणि वाळली की भेगाळते. आपल्या रानात मे महिन्यात भेगांत पाय जातो, तसंच डबीत होतं आणि बीळ मधोमध फाटतं. शिवाय तिच्यात फवारलेलं काय काय असतं ते वेगळंच.

आडोशाला फुटलेल्या माठाचं खापर ठेवा. दुकानातल्या प्लास्टिकच्या कवटीपेक्षा ते हजार पटीनं बरं, आणि फुकट. खापराखाली बोटानं एक खळगा करून दिला की कोळी पुढचं बीळ स्वतः खणतो. पाण्याला बाटलीचं झाकण. पिल्लाच्या डबीत झाकणाची गरज नाही, एका कोपऱ्यातली माती आठवड्यातून एकदा ड्रॉपरनं ओली करायची. अंगावर फवारा मारायचा नाही, ते त्याला आवडत नाही.

उन्हाळ्याचं काय? आमच्याकडे तर ४५ अंश जातं.

खरा प्रश्न हाच. माणसाला जिथे बरं वाटतं त्या २२ ते २८ अंशांत हे कोळी सुखी असतात. तिशीच्या थोडं वर चालवून घेतात. पस्तिशीच्या पुढे सरकलं की डबीत अडकलेल्या जिवाचं काही खरं नाही. त्याच्या देशातही ऊन असतं, पण तिथे तो जमिनीत खोल उतरतो. आपण त्याला बोटभर कोकोपीट दिलेलं असतं, तो उतरणार कुठे?

जळगाव-भुसावळकडे आखाजीपासून, म्हणजे अक्षय्य तृतीयेपासून, मृगापर्यंतचे दिवस जपायचे. माझा एक कोळी मी याच दिवसांत घालवला. डबी लोखंडी कपाटावर होती, वर पत्रा. दुपारी वीज गेली, आम्ही लग्नाला गेलो होतो. परत आलो तर पाय पोटाखाली मुडपून पडलेला. डबीला हात लावला तर ती कोमट नव्हती, गरम होती.

तेव्हापासून मी हे करतो. दोन मातीच्या कुंड्या घेतो, एकात एक बसणाऱ्या. मधल्या फटीत वाळू भरतो आणि ती वाळू सकाळ-संध्याकाळ ओली करतो. आतल्या कुंडीच्या तळाला खापराचे दोन तुकडे, त्यावर डबी, म्हणजे खालून ओल लागत नाही. वर पिळलेलं सुती फडकं सैल टाकतो. आपला उन्हाळा कोरडा असल्यामुळे पाणी झपाट्यानं उडतं आणि माठातल्या पाण्यासारखी आतली हवा गार होते. बाहेर ४२ असताना आत माझ्या साध्या थर्मामीटरवर ३१ दिसलंय. वीज लागत नाही, म्हणजे भारनियमनाची भीती नाही. हे जमतं ते कोळी बुटका आहे म्हणूनच. मोठ्या टॅरंटुलाच्या काचेच्या पेटीला एवढी कुंडी कुठून आणणार?

डबी कुठे ठेवायची? जमिनीवर, घराच्या मधल्या खोलीत. धाब्याचं घर असेल तर तुम्ही नशीबवान, जाड मातीखाली दुपार सोसवते. स्लॅबच्या घरात वरचा मजला टाळा. कूलर चालतो, पण त्याचा झोत थेट डबीवर नको. कूलर बंद असतानाची डबी आणि झोतातली डबी यांत संध्याकाळपर्यंत माती किती वाळते ते एकदा बघा, कळेल. फ्रीजमध्ये ठेवू नका. हे लिहावं लागतंय, कारण एकानं ठेवला होता.

मार्च ते जूनच्या मध्यापर्यंत पार्सलनं कोळी मागवू नका. ट्रकच्या पेटीत काय तापमान होतं ते कोणी मोजत नाही.

आणि थंडीचं?

धुळ्याचा जानेवारी पहाटे दहाच्या खाली उतरतो, हे तिथल्यांना सांगायला नको. डबी थर्माकोलच्या पेटीत, शेजारी फडक्यात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली. बल्ब लावू नका, तो माती सुकवतो. थंडीत कोळी कमी खातो, चालतं.

खायला काय द्यायचं?

पोटाच्या आकाराहून लहान किडा. मोठ्याला आठ-दहा दिवसांतून एकदा, पिल्लाला आठवड्यातून दोनदा. शहरात रातकिडे आणि मीलवर्म विकत मिळतात. पिल्लासाठी तेही मोठे पडतात, आणि तिथे आपला जिल्हा कामाला येतो. जळगावकराला चिलटं कमी आहेत का? जास्त पिकलेलं केळं सालीसकट धुवून बरणीत टाका, तोंडाला जुन्या बनियनचं कापड. कापड बांधण्याआधी एक दिवस उघडी ठेवली की चिलटं येऊन अंडी घालतात, दहा-बारा दिवसांत नवी पिढी उडायला लागते. ती दोन मिनिटं फ्रीजमध्ये ठेवली की सुस्तावतात, मग चिमटीनं पिल्लाच्या डबीत सोडायची. दुसरा उपाय जुन्या पिठातल्या पोरकिड्यांच्या अळ्या. आई पीठ चाळायला बसली की मी वाटी घेऊन शेजारी बसतो. तिनं आधी शिव्या दिल्या, आता स्वतःच बाजूला काढून ठेवते.

शेतातून पकडलेला नाकतोडा, कपाशीवरची अळी, केळीच्या बागेतला किडा हे देऊ नका. फवारणी झालेल्या पिकावरचा किडा जिवंत दिसला म्हणून स्वच्छ असतो असं नाही. तुम्ही फवारत नसाल, पण शेजारचा बांध?

न खाल्लेला जिवंत किडा दुसऱ्या दिवशी काढून घ्यायचा.

घरात डासांची कॉइल लावतो, चालेल का?

त्या खोलीत नाही. कॉइल, वडी, लिक्विड, झुरळांचा फवारा, मुंग्यांचा खडू, या बहुतेकांत पायरेथ्रॉइड असतं. ते कीटकांच्या मज्जातंतूंवर काम करतं आणि कोळी कीटक नसला तरी त्यातून सुटत नाही. आधी चालताना अडखळतो, मग पाय थरथरतात, मग उताणा. उपाय म्हणजे मच्छरदाणी, आणि ती माणसांनाही बरी. धान्याच्या कोठीत कीड मारायच्या गोळ्या ठेवणार असाल तर त्या घरात कोळीच काय, झोपणारं माणूसही नको. फिनेलनं पुसलेली फरशी वाळेपर्यंत डबी उचलून दुसरीकडे. दिवाळीच्या रंगकामात डबी शेजारी मुक्कामाला.

मुंग्या ही दुसरी भीती. कात टाकून मऊ पडलेल्या पिल्लाला मुंग्या जिवंत खातात. पाण्याच्या ताटलीत वाटी उपडी घालून त्यावर डबी, गुळाच्या डब्याला करतो तसंच.

महिनाभर खात नाही आणि बिळाचं तोंड बंद केलंय. मेला का?

बहुधा कात टाकायची तयारी आहे. पोट गडद आणि तुकतुकीत दिसतं, अन्नाकडे बघतही नाही. उकरून बघू नका. फक्त कोपरा ओला ठेवा.

एकदा माझ्या मादीनं काचेला लागूनच बीळ केलं होतं, त्यामुळे सगळं दिसलं. आधी तिनं जाळ्याची पातळ चटई विणली आणि तिच्यावर उताणी झाली. उताणी दिसली की लोक रडायला लागतात, पण मरणारा टॅरंटुला सहसा उताणा होत नाही, तो उभ्याउभ्या पाय पोटाखाली ओढून घेतो. तासाभरानं डोक्याची ढाल डबीच्या झाकणासारखी उघडली. मग एकेक पाय, जसा घट्ट पायमोजा काढावा तसा, थांबून थांबून. बाहेर आली तेव्हा दात दुधासारखे पांढरे होते. संध्याकाळपर्यंत लालसर झाले, काही दिवसांनी काळे. दात काळे होईपर्यंत खायला द्यायचं नाही, मऊ दातांवर किडाच भारी पडतो. कात लवंगेएवढी होती. ती मी काडेपेटीत ठेवली आहे, पोटाच्या आतल्या बाजूनं भिंगाखाली पाहिली तर नर की मादी ते कळतं.

पोट सुरकुतलंय, पाय आत ओढतोय. काय करू?

तहान. ताबडतोब उथळ झाकणात पाणी घ्या आणि त्याचं तोंड पाण्याला टेकेल असं अलगद ठेवा. श्वासाची छिद्रं पोटाच्या खालच्या बाजूला असतात, ती बुडू देऊ नका. ओल्या टिश्यूच्या बंद डबीत कोंबू नका.

दोन एकत्र ठेवू का?

नको. विलोसेला काही लोक कळपात ठेवतात, पण त्यासाठी हात बसलेला हवा.

किती जगतो?

मादी कित्येक वर्षं. नर वयात आला की पुढच्या पायांशेजारच्या दोन सोंडांची टोकं मुष्टियोद्ध्याच्या हातमोज्यासारखी फुगतात, त्यानंतर त्याचे मोजके महिने उरतात. पिल्लू घेताना नर की मादी सांगता येत नाही, सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

डबीतून पळाला तर?

पंखा बंद करा, सगळ्यांना पलंगावर बसवा. फरशी आणि भिंत मिळते तो कोपरा धरून बॅटरीनं शोधा, तो उघड्यावर थांबत नाही. पायपुसणं, कोठीची मागची बाजू, चपला. सापडला की वर ग्लास, खालून पत्रिकेचा जाड कागद. झाडूनं लोटू नका. माझा एकदा तीन दिवसांनी देव्हाऱ्याखाली सापडला. आजीनं त्याला हळदीकुंकू लावायचं तेवढं बाकी ठेवलं होतं.

कंटाळा आला तर रानात सोडून देऊ का?

अजिबात नाही. परदेशी प्राणी आपल्या रानात सोडायचा नसतो, आणि एप्रिलच्या उन्हात तो दोन दिवसही काढणार नाही. दुसऱ्या पाळणाऱ्याला द्या, सोबत पावती द्या. कोणी मिळालं नाही तर मला सांगा, माझ्याकडे अजून दोन कुंड्या रिकाम्या आहेत.